चाळीसपैकी अकरा

परीक्षेचा फॉर्म भरला त्या दिवशी मी दोनशे पानी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर चार रकाने आखले: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. मी एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते. कोणता माल कोणत्या गाडीत, किती वाजता, कोणाच्या सहीने, हे दिवसभर लिहायचं आणि झालं की त्यावर रेघ मारायची. सवय घरापर्यंत आली आहे. आई यादीशिवाय आंघोळीलाही जात नाही, असं माझी मुलगी म्हणते. म्हणू दे. आमच्याकडे आजवर गॅस अचानक संपलेला नाही.

परीक्षा मात्र माझी नव्हती, नवऱ्याची होती. वय सत्तेचाळीस. नारपोलीत एकाच शेठच्या यंत्रमाग कारखान्यात सव्वीस वर्षं जॉबर, म्हणजे माग, आमच्याकडे लूम म्हणतात, तो बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. सगळे त्याला मास्तर म्हणतात. शेठनी आता जुने लूम भंगारात काढायचं ठरवलं होतं. पण शेठचा पुतण्या परदेशात छोटा कारखाना चालवतो. तिथे अजून आपल्यासारख्याच धोट्याच्या, म्हणजे शटलच्या लूमवर जाड सुती कापड विणतात आणि त्या कापडाला गिऱ्हाईकही आहे. ते लूम सांभाळणारा माणूस मात्र तिकडे उरलेला नाही. पुतण्याने निरोप धाडला, मास्तरला पाठवा. अडचण एकच होती. व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा, तिचे चार भाग, आणि चारही भागांत ठरलेले गुण हवेत. एकात कमी पडले तरी सगळंच गेलं. मग त्या वयात त्याच्यासाठी उरलं काय, तर एखाद्या गोदामाच्या गेटवर रखवालदाराची ड्युटी. लूमला हात न लावता हा माणूस दिवस कसा काढेल, हे मला कुठल्याच रकान्यात लिहिता येईना.

शेठ म्हणजे जुन्या कोकणी मुसलमान घरातले, सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे. रस्त्यात भेटले की लांबूनच ओरडायचे, "क्या मास्तर, अंग्रेज बन गया क्या?"

"अर्धा झालो शेठ," हा तितक्याच जोरात ओरडायचा, "कमरेच्या वर!"

अभ्यासाचं वेळापत्रक मी फ्रिजच्या दारावर चिकटवलं. रोज सकाळी सहा ते सात. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शुक्रवारी सबंध सराव परीक्षा. तो कुरकुर न करता बसायचा. खारबावच्या शाळेत दहावी झालेला माणूस, पण यंत्राची इंग्रजी पुस्तकं वाचून वाचून त्याचं वाचन माझ्यापेक्षा पक्कं होतं. लिहिण्यात जरा लंगडायचा. एकदा प्रश्नात आकृती आली, कापसापासून कापड कसं होतं ते दीडशे शब्दांत सांगा. मला वाटलं, आता गडी सुटला. वीस मिनिटांनी बघते तर कागद कोरा आणि हा आकृतीवर पेन्सिलीने खुणा करतोय.

"हे चित्र चुकीचं हाय. धागा या बाजूनं आत गेला तर तुटंल."

"तुम्हाला चित्र दुरुस्त करायला नाही सांगितलं. वर्णन करा."

"चुकलेल्याचं काय वर्णन करू?"

शेवटी त्याने दीडशे शब्दांत ती आकृती का चालणार नाही हे लिहिलं. इंग्रजी बरं होतं. गुण किती द्यावेत हे मला कळेना.

बोलण्यात त्याला भीती नव्हती. नवराबायको असून घरात परीक्षक मीच, टेबलाच्या पलीकडे बसून प्रश्न विचारायची. आवडत्या वस्तूबद्दल दोन मिनिटं बोला म्हटलं की तो एका जुन्या पान्याबद्दल तीन मिनिटं बोलायचा, दोन्ही हात हलवत, आणि अशा आवाजात की खालच्या मजल्यावरून काय झालं म्हणून विचारणा यायची. मुलगी म्हणायची, "बाबा, परीक्षक समोर बसणार आहे, कल्याणला नाही."

राहिलं ऐकणं. पहिल्या शुक्रवारी मुलीचे हेडफोन लावून त्याने सबंध पेपर सोडवला. चाळीसपैकी अकरा. मी अकरा लिहून त्याला गोल केला आणि खाली उपाय लिहिले: एक, गोऱ्यांच्या उच्चारांची सवय; दोन, वेग कमी करून ऐकणं; तीन, चांगले हेडफोन. तीन आठवड्यांत तिन्हींवर रेघ मारली. गुण झाले बारा. मग मुलीने तोच मजकूर छापून काढला आणि समोर बसून वाचून दाखवला, तेव्हा एकतीस आले. म्हणजे घोळ उच्चारांचाच, असं मी वहीत पक्कं करून टाकलं. नोंद व्यवस्थित होती. चूक होती, एवढंच.

पुढच्या शुक्रवारी मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. मी ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. वेळ कशाला घालवा, म्हणून छापील मजकूर पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि भाकरी थापता थापता वाचायला लागले. वाचनालयाचं सदस्य व्हायला आलेला एक माणूस, त्याचा पत्ता, त्याचे वार, त्याची पुस्तकं. सबंध पान वाचलं आणि मागे वळले. नवरा हातात पेन्सिल घेऊन शहाण्यासारखा बसला होता. कागद कोरा.

"लिहिलं का नाही?"

"तू सुरू कुठं केलंस?"

शुक्रवार होता. आजूबाजूचे सगळे कारखाने बंद. घरात फक्त पंख्याचा आवाज. मी पुन्हा पाठ फिरवली आणि मराठीत म्हटलं, "आज पिठात मीठ विसरले." काही नाही. "शेठ हजला निघाले." काही नाही. "मी माहेरी चालले, कायमची." तव्यावरची भाकरी फुगली, बाकी सगळं शांत. मग मी त्याच्याकडे तोंड केलं आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवून विचारलं, चहा घेणार?

"घेईन की," तो म्हणाला. "अर्धा कप."

मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच त्याच्यासमोर बसले. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली आठ-दहा वर्सं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? लूमवर सगळेच तोंड बघून ऐकतात गो. शंभर लूम चालू असले का तिथं कान कोन वापरतंय? मला वाटलं, घरी पन चालून जाईल. चाललं की."

"कुठे चाललं? मी सांगितलेलं निम्मं विसरायचात तुम्ही."

"इसरायचो न्हाय. तू वहीत बघून बोलतेस. वहीत बघून बोललीस का मला तुझा फक्त भांग दिसतो."

लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली जवळजवळ निम्मी वर्षं हा माणूस बाहेर जाताना मला म्हणायचा, "सांगू नको, यादी लिहून दे." आणि ती यादी घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. मैत्रिणींना मी कौतुकाने सांगायची, माझ्या याद्यांची किंमत घरात एकालाच आहे. आणखी एक होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी बोलायला लागले की तो हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायचा. बाकीच्यांचे नवरे मोबाइलमध्ये बघत हूं हूं करतात, आपला तसा नाही, याचं मला मनातून फार बरं वाटायचं.

मी तसं त्याला म्हटलंही, जरा रागानेच. "आणि मला वाटायचं, तुम्ही आवडीने बघता."

"बघतोच," तो म्हणाला. "कान होते तवा पन बघायचो. तुला कंदी कळलं, तू वहीत."

दुसऱ्या दिवशी गोदामातून मी परीक्षेच्या केंद्राला फोन केला. असले प्रश्न विचारायला मला लाज वाटत नाही, रोज चार ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडते मी. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. हेडफोन नाहीत, समोर माणूस बसून मजकूर वाचतो आणि उमेदवार त्याचे ओठ बघू शकतो. मात्र डॉक्टरांचा दाखला हवा आणि तारीख पुढे जाईल. मी आनंदाने फोनवरच त्यांना दोनदा धन्यवाद दिले. घरी येऊन सांगितलं, वर बघून, तर नवऱ्याचा चेहरा पडला.

"दाखला नको. कागदावर आलं का शेठचा पुतण्या काय म्हनंल? बहिरा जॉबर पाठवला."

"मग काय, हेडफोन लावून बारा मार्क आणायचे?"

"कानात मशीन घालतो. मशीनवर होईल."

कल्याणच्या डॉक्टरांनी तपासलं, मशीन दिली. मशीनने भांड्यांचा आवाज त्याला नको इतका यायला लागला, पण वर हेडफोन चढवला की आत शिट्टी वाजायची. चौदा मार्क. दाखला माझ्या पिशवीत तयार होता. मी दोन रकाने आखले, दाखला दिला तर आणि नाही दिला तर, आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने वाचली, बंद केली, चपला घातल्या. "शेठला आधी सांगतो. मागून कळायला नको." मी बरोबर गेले.

शेठ कारखान्यात होते. निम्मे लूम उचलून नेलेले, जमिनीवर तेलाचे चौकोन उरलेले. नवऱ्याने एका दमात सगळं सांगितलं. शेठ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"भाभी, हा काय म्हणतो, ह्याला ऐकू येत नाही?"

"हो शेठ."

"अरे, मग मला कुठे येतं?" शेठ एवढ्या मोठ्याने हसले की कोपऱ्यातला कामगारही वळून बघायला लागला. "पंधरा साल से मैं इसका मुँह देख के बात करता हूँ! मास्तर, मला वाटायचं तुला ऐकू येतं म्हणून मी चूप होतो!"

"मला वाटायचं तुमाला येतं!"

दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात मारत हसत सुटले. मला हसावं की चिडावं ते कळेना. मग शेठनी त्याला चालू असलेल्या एका लूमपाशी नेलं आणि काय बिघडलंय ते बघ, अशी नेहमीची खूण केली. नवऱ्याने लूमच्या सांगाड्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले, थोडा वेळ थांबला आणि खालच्या बाजूला बोट दाखवलं. तिथला एक बोल्ट सैल होता.

शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ये हाथ चाहिये उसको. कान का मैं बोल दूँगा भतीजे को." त्यांनी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला, पुतण्याचं तोंड दिसावं म्हणून. काय बोलले ते लूमच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. नवऱ्याला मात्र सगळं कळत होतं. लांबूनच त्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

दाखला गेला, तारीख सहा आठवडे पुढे गेली. त्या सहा आठवड्यांत मी रोज त्याच्यासमोर बसून वाचलं, कागद हनुवटीखाली धरून, म्हणजे तोंड झाकणार नाही. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर बाकावर बसले होते. तो दुपारी बाहेर आला तो खुशीत. "वाचनारी बाई लई चांगली. तुझ्यासारखं तोंड उघडून बोलते." हे कौतुक कोणाचं, ते मी विचारलं नाही.

निकाल माझ्या मोबाइलवर आला तेव्हा तो बाल्कनीत शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सवयीने मान खाली घालून वाचायला लागले.

"ए," तो म्हणाला. "भांग नको दाखवू."

मी वर बघितलं. लिहिण्यात काठावर, जेवढे हवे तेवढेच, अर्धाही जास्त नाही. वाचण्यात बरे. बोलण्यात बरे. आणि सगळ्यात जास्त ऐकण्यात. हे सगळं त्याला सावकाश सांगितलं, एकेक.

तो माझ्याकडे बघत राहिला. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच.

"परत बोल."

"कळलं नाही?"

"कळलं. परत बोल."