विहिरीतला राजपुत्र

काल गोधड्या काढायला कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मला विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं जुन्या पोथ्यांचं प्रदर्शन आठवलं.

आमच्या कुरुंद्याच्या घरी श्रावणात बाबा पोथी वाचायचे. तिची पानं सुटी होती, आणि त्यांतलं एकोणचाळिसावं हरवलेलं. अडतिसाव्या पानावर राजपुत्र विहिरीत पडायचा आणि चाळिसाव्यावर थेट त्याचं लग्न लागायचं. मधे तो वर कसा आला, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्याच पोथीची दुसरी प्रत प्रदर्शनात मांडल्याचं कळलं, तसा मी बाबांना घेऊन गेलो.

त्या प्रतीत तो मजकूर बेचाळिसाव्या पानावर निघाला. ग्रंथपाल बाईंनी काचेच्या पेटीतून तेवढं पान काढून मेजावर ठेवलं. बाबांनी हातपाय धुतले, टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं दचकली.

"काका, इथं मनात वाचायचं असतं," बाई म्हणाल्या.

"मनात वाचल्यावर ऐकंल कोण, बाई? पोथी हाय ती."

मी तेव्हा संकोचानं दाराकडे बघत होतो. आज आठवतात ती पुस्तकं मिटून जवळ सरकलेली मुलं आणि हनुवटीला हात लावून ऐकणाऱ्या बाई. नागकन्येची वेणी धरून राजपुत्र वर आला, आणि पान संपलं.

"मग पुढं काय झालं?" एका मुलीनं विचारलं.

बाबांनी पानाला नमस्कार केला. "पुढचं आमच्या घरी हाय. श्रावणात या समदे."