शिवकांताबाईंचा उजवा खांदा

नळदुर्गला हायवेच्या कडेला शिवकांताबाईंची खानावळ आहे. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर आणि माझ्यासारखे बदलीवर आलेले मास्तर तिथं जेवतात. बाईंचं माहेर मुरुमचं, घरात कन्नड बोलणारं. वय पन्नाशीला आलं, पण एखादी गोष्ट उमगली नाही तर ती उमगेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

टेनिस त्यांना असंच भेटलं. एका दुपारी कुणा गिऱ्हाइकानं टीव्हीवर मॅच लावली. बाई आमटी वाढता वाढता थांबल्या. हा गडी चेंडू आधी वर फेकतो आणि मग मारतो, हातातनंच का मारत नाही, असं त्यांनी विचारलं. आम्हा जेवणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी सोलापूरला भाचीला, दीपालीला, फोन लावला. ती कॉलेजात टेनिस खेळते. दीपालीनं फोनवर समजावून पाहिलं आणि शेवटी कंटाळून, मावशी, स्वतःच मारून बघ, असं म्हणाली. पुढच्या खेपेला येताना तिनं आपली जुनी रॅकेट आणि पिशवीभर चेंडू आणून दिले.

खानावळीमागं एक बंद गोदाम आहे. दीपालीनं जाळीची उंची सांगितली, तेवढ्या उंचीवर बाईंनी गोदामाच्या भिंतीवर चुन्याची रेघ ओढली आणि सकाळी चूल पेटवायच्या आधी सर्व्हिस मारायला सुरुवात केली. फक्त सर्व्हिसच, कारण तिला दुसरं माणूस लागत नाही. पहिले काही दिवस चेंडू एकीकडं आणि रॅकेट दुसरीकडं जायची. पुढं चेंडू रॅकेटला लागू लागला, रेघेच्या वर जाऊ लागला, आणि एका सकाळी मारलेला प्रत्येक चेंडू मनासारखा गेला. त्या दिवशी बाई थांबल्याच नाहीत. चेंडू गोळा करायचे, परत मारायचे, असं ऊन अंगावर येईपर्यंत चाललं. नवरा, शिवप्पा, गल्ल्यावरून उठून बघायला आला, तेव्हा कुठं त्यांनी रॅकेट खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर केला आणि खांद्यातून कळ निघाली.

तरी बाईंनी सर्व्हिस सोडली नाही. वापरानं मोकळा होईल, असं त्यांना वाटलं. आठवडाभरात फळीवरचं पातेलं काढणंही अवघड झालं. शेजारच्या गौराबाईंनी शीर चढली म्हणून तेल लावून खांदा जोरात रगडला. त्यानं तो आणखीच ठणकला.

मात्र बाईंना दुखण्यापेक्षा एका कोड्यानं जास्त छळलं. दिवसभर भाकऱ्या थापल्या तरी हात दुखत नव्हता. पाण्याची घागर उचलली तरी नाही. पण वरच्या फळीकडं हात नेला की दुखायचं. तेही सगळीकडं नाही. हात बाजूनं हळूहळू वर नेला की खांद्याच्या उंचीजवळ टोचायचं आणि थोडं पुढं गेलं की कमी व्हायचं. जेवायला येईल त्याला त्या हात वर करून दाखवायच्या आणि असं का होतं म्हणून विचारायच्या. मलाही विचारलं.

अखेर शिवप्पांनी त्यांना उमरग्याला फिजिओथेरपी करणाऱ्या आरोही मॅडमकडं नेलं. मॅडम वयानं दीपालीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी हात निरनिराळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, मुंग्या येतात का, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, ते विचारलं. मग टेबलावरचा प्लास्टिकचा खांदा उचलून बाईंच्या हातात दिला.

"मावशी, हे वरचं हाड म्हणजे दाराची चौकट समजा. तिच्या खालून हे स्नायूंचे दोर जातात. तुमचे दोर जास्त वापरानं दुखावलेत. हात मध्यावर आला की त्या अरुंद जागेत त्यांच्यावर ताण येतो, तिथं टोचतं."

बाईंनी तो खांदा कितीतरी वेळ वर-खाली केला. "म्हंजी भाकरी थापताना हात चौकटीपर्यंत जातच न्हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. वेदनेचं कारण कळल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की शिवप्पांना वाटलं, दुखणं तिथंच बरं झालं.

मग मॅडमनी त्यांना रॅकेटशिवाय सर्व्हिस करून दाखवायला लावली. बाईंचे पाय जमिनीत रोवलेले, कंबर ताठ, सगळा जोर एकट्या हाताचा. जोर पायांतून यायला हवा, गुडघे वाकले पाहिजेत, अंग वळलं पाहिजे, हात सगळ्यात शेवटी, असं मॅडमनी सांगितलं. सध्या सर्व्हिस बंद, पण हात बांधून बसायचं नाही. वाकून हात लोंबता ठेवून झोके द्यायचे, मग रबरी पट्टा ओढायचा, सुरुवातीला जरा बर्फ. आणि नीट झाल्यावरही थोड्याच सर्व्हिस, मध्ये विसावा. थकून मारलेला चेंडू खांद्याला महागात पडतो.

ते दिवस बाईंनी उत्सुकतेत काढले. डाव्या हातानं नुसता चेंडू वर फेकून तो एकाच जागी पडतो का, ते बघायच्या. वरची पातेली शिवप्पा उतरवून द्यायचे. दुखणं एकदम गेलं नाही. मधे एकदा बरं वाटलं म्हणून त्यांनी गुपचूप दोन-चार सर्व्हिस मारल्या आणि परत झोक्यांवर आल्या.

आता त्या पुन्हा खेळतात. मॅडमनी खांद्याच्या खालून मारायचे फटके सुचवले होते. त्याला समोर कुणीतरी हवं, म्हणून शिवप्पांना उभं केलं. दीपालीनं आणखी एक रॅकेट दिली, आणि बाईंनी मध्ये जाळी म्हणून कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

परवा सकाळी मी चहाला गेलो तेव्हा बाई सर्व्हिस मारत होत्या. मोजक्याच मारल्या आणि थांबल्या. चेंडू अजून टोपलीत शिल्लक होते. मी विचारलं, दुखतंय का? त्या म्हणाल्या, "दंड भरून आलाय, पण टोचत न्हाय. टोचायच्या आधी थांबायचं." आणि नवऱ्याकडं वळून, "आता तुमी मारा."

शिवप्पांनी आयुष्यातली पहिली सर्व्हिस मारली. चेंडू दोरीवरून, खानावळीवरून उडून रस्त्यालगत उभ्या ट्रकच्या ताडपत्रीवर जाऊन बसला. आम्ही ओरडेपर्यंत ट्रक हैदराबादकडं निघाला होता.

शिवप्पा ओशाळून हसले. बाई मात्र त्यांच्या पायांकडं बघत होत्या.

"तुमी गुडघे वाकवले व्हते का?"

आठवत न्हाय, ते म्हणाले. बाईंनी टोपलीतला दुसरा चेंडू त्यांच्या हातात दिला आणि नीट दिसावं म्हणून बाजूला जाऊन उकिडव्या बसल्या.