घराकडची खुंटी

"डोंगर आपला हाय गो, तो आपल्याला काय करतोय?" लहानपणी मी पावसात घाबरले की बाबा म्हणायचे.

मंडळी, पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत घरामागे डोंगराला भेग पडली आहे. आज सकाळी भेगेच्या वर एक आणि खाली घराकडे एक अशा दोन खुंट्या ठोकल्या आणि वरून मोबाइल लावून व्हिडिओ सुरू केला.

व्हिडिओ बघून बाबा हसले. "अगो, तुझा मोबाइलच हलतोय!"

खरंच होतं. धुकं आलं की फोकस आपोआप बदलायचा, उजेड कमीजास्त व्हायचा, सगळंच हलल्यासारखं दिसायचं.

मग सगळं हातानं ठरवता येणारं कॅमेरा ॲप घेतलं. फोकस खुंट्यांवर लॉक केला, उजेडही लॉक केला, मोबाइल दगडांत घट्ट बसवला. दोन तास थांबले. काहीच दिसू नये असं वाटत होतं.

वरची खुंटी जागची हलली नाही. घराकडची बोटभर खाली गेली होती.

व्हिडिओ बघून वाडी रिकामी झाली, सगळे शाळेत आसऱ्याला गेले. बाबा गोठ्यात बसलेत. "गाय आज-उद्या विणार. हिला घाईनं चालवायची नाय. तू जा."

समोर बोलताना माझा आवाज कापतो, म्हणून इथे ग्रुपवर लिहून मोबाइल त्यांच्याच हातात देतेय. तुमच्यापैकी कुणाचं ते ऐकत असतील तर खाली लिहा.

बाबा, नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी गाईचं दावं माझ्या हातात द्या. मी तिला हळूहळू आणते. तुम्ही पुढे व्हा.