त्याच्या तोंडी माझा आवाज

रेडिओवरची, रंगभूमीवरची माझी कामं ऐकून लोक विचारतात, बाई, हा आवाज तयार कुठं झाला? अंबरनाथला, विंगेत, एका पुरुषाची फुकट चाकरी करताना. हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. पडू देत.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. कारखान्याच्या वसाहतीत गणपतीत नाटक व्हायचं. माझा थोरला भाऊ, दादा, ते बसवायचा आणि नायकही स्वतःच व्हायचा. चांगल्या घरच्या मुलीनं स्टेजवर उभं राहायचं नाही, म्हणून नायिकेचं काम एका फिटरकडे. लुगड्यात देखणा दिसायचा मेला, पण तोंड उघडलं की फाटका भाता. तालमी आमच्याच घरी चालत, त्यामुळं त्याची वाक्यं मला पाठ. दादानं शक्कल काढली. फिटरनं नुसते ओठ हलवायचे, मी विंगेतून बोलायचं. उल्हासनगरच्या कॅम्पातून, बदलापुराहून माणसं यायची आणि त्याच्या आवाजावर जीव टाकायची. पदकही त्यालाच मिळालं, आवाजाबद्दल. ते छातीवर लावून तो वसाहतभर फिरला. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा दादानं कबूल केलं, पुढच्या वर्षी तुला पडद्यापुढं आणून नाव सांगतो.

पुढच्या वर्षी नाटकाआधी दादाला आठवण करून दिली. तो मिशी चिकटवत म्हणाला, "तुझं लग्न जमायचंय अजून. नाव कसलं सांगायचं?" माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तिसऱ्या अंकात नवरा भर पंचायतीत बायकोला ओळखच देत नाही, तो प्रवेश आला. फिटरनं ओठ हलवले. मी गप्प. मांडवात चुळबुळ सुरू झाली. नवरा झालेला दादा विंगेकडे डोळे वटारून पुटपुटला, "अगं, बोल की." मग मी बोलले, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

"आधी यांना सांग, मी कोण आहे ते."

फिटरला माझा आवाज आला की ओठ हलवायची सवयच लागली होती. ते बरोब्बर हलले. नवऱ्याला चारचौघांत अरेतुरे करणारी नायिका तिथं कुणी पाहिली नव्हती. मांडव टाळ्यांनी दणाणला. दादानं मान खाली घातली, लोकांना तोही अभिनयच वाटला. फिटर पदर सावरत पुढं झाला, वाकून नमस्कार केला आणि माझ्या टाळ्या घेतल्या.