छत्रीखालची जागा

नाताळच्या सकाळी मी बोईसरच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. 'सण दुकानांचा नाही, माणसांचा' हे त्यातलं वाक्य माझंच.

सातपाटीची एक कोळीण रोज तिथे बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तिचा कोयता थांबायचा नाही आणि आपल्या छत्रीखाली ती शेजारणीची टोपलीही येऊ द्यायची नाही.

त्या दिवशी ती स्वतः उन्हात होती. छत्रीखाली तिच्या पाटावर दिवस भरलेली एक बाई बसली होती. झारखंडची, गळ्यात क्रूस.

"मावशी, आज जागा कशी सोडलीत?"

"चार दिस खोली शोदते ती. पोट बगून सगले दार लावतात. घरात बालंत झाली तर सोयर लागंल म्हनं. संद्याकाली माज्या घरी नेते."

मी पेटलो. "त्या घरमालकांची नावं सांगा. प्रत्येकाच्या दारावर पत्रक लावतो."

कोयता थांबला.

"तू पाम गावचा ना? वाडीतलं पिवलं घर, मागं दोन खोल्या रिकाम्या? मग पयलं तितंच लाव. काल तुज्या आयशीनं हिला वाटेला लावलं."

"पानी पिलाया था," ती बाई घाईनं म्हणाली. "अच्छी हैं."

मी तडक घरी जाऊन आईला जाब विचारला.

"तुलाच इचारलं होतं काल," आई म्हणाली. "तू पत्रक लिवत होतास. मान वर न करता बोललास, नको म्हणून सांग."