कुठले मोरे?

सोपान मोरे फौजेत तंबू शिवायला शिकला आणि पेन्शन घेऊन कोरेगावला आला. १९७४ साली त्यानं घराच्या पडवीत दोन मशिनी टाकल्या आणि सांगलीच्या एका पंपाच्या कारखान्याला कॅनव्हासचे हातमोजे पुरवू लागला. एका मशिनीवर तो बसायचा, दुसरीवर त्याची आई, राहीबाई.

कारखान्यात पहिल्याच दिवशी स्टोअरचे साहेब लालासाहेब यांनी विचारलं होतं, "कुठले मोरे तुमी?" सोपान नवबौद्ध. पण तोंडातून निघून गेलं, "जावळीकडचे." जावळीचे मोरे म्हणजे मराठे; लालासाहेब खूश झाले. काम मिळालं.

वर्षभरानं मोठी ऑर्डर द्यायच्या आधी लालासाहेब काम बघायला कोरेगावला आले. पडवीत बसून त्यांनी चहा घेतला, हातमोजा उलटा करून शिवण बघितली.

"लय बारीक काम. या बाई कोण?"

"कामाला हायत," सोपान म्हणाला.

राहीबाईची मशीन क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"आणि एक," लालासाहेब म्हणाले, "आमच्या बोर्डानं ठराव केलाय, थोडा माल नवबौद्धांच्या कारखान्यांकडनं घ्यायचा. हितं कोण हाय का तसं?"

आता खरं सांगावं, तर जातीचं आणि मघाचं, दोन्ही खोटं उघडं पडत होतं, तेही आईसमोर.

"न्हाई साहेब. हितं कोण न्हाई."

साहेब गेल्यावर राहीबाई दोरा तोडत म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. पर आपल्या वस्तीत अर्जुना ताडपत्र्या शिवतोय. त्याचं तरी नाव सांगायचं हुतंस."

सोपानला तिच्याकडं बघवेना. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या यष्टीनं अर्जुनाला घेऊन तो सांगलीला गेला आणि लालासाहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला.

"साहेब, मी जावळीचा न्हाई. बौद्ध हाय. ती बाई माझी आई. आणि हा अर्जुना, ताडपत्र्या शिवतो."

लालासाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग खोटं का सांगितलंसा?"

"खरं सांगितलं असतं, तर काल माझ्या घरी च्या घेतला असता का तुमी?"

लालासाहेबांनी अर्जुनाला खुर्ची दिली आणि नमुना मागितला.

अर्जुनाला ताडपत्र्यांचं काम लागलं. सोपानचे हातमोजेही बंद झाले नाहीत. आता कागदावर त्याच्या नावापुढं 'नवबौद्ध' लिहिलेलं होतं.

पण आईला 'चुकलं' म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाही. तीही पुन्हा त्याबद्दल बोलली नाही, रोज नेमानं मशिनीवर बसत राहिली. दारात कुणी नवं माणूस आलं, की सोपान घाईघाईनं उठायचा, "ही माझी आई," म्हणायचा. राहीबाई मान वर करायची नाही. त्या घाईचं कारण तिला ठाऊक होतं.