टोपलीतला फोन

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत प्रिसिला पहिलीला शिकवते. वर्गाचा कुठलाही नियम करायचा तर सगळ्यांचा होकार लागतो; एक मूल जरी अडलं तरी थांबायचं. सकाळी टॅबलेट वेताच्या टोपलीत ठेवायचे, हे मुलांनी असंच ठरवलं.

"तुझा फोनपण ठेवायचा हं," वर्गातली नेल तिला म्हणाली होती. "नाहीतर तू गुपचूप मांजरांचे व्हिडिओ बघशील!"

प्रिसिला हसून हो म्हणाली होती.

या वसंतात तिची मुलगी इस्पितळात होती. प्रिसिला टोपलीत एक जुना, बंद पडलेला फोन ठेवू लागली. चालू फोन स्वेटरच्या खिशात असायचा.

बुधवारी मौनसभा असते; सगळे एकत्र शांत बसतात. ज्याला आतून वाटेल त्याने उभं राहून बोलावं आणि त्याला कोणी उत्तर देऊ नये, ही रीत. नेल उभी राहिली.

"टोपलीतला फोन मेलेला आहे. मी बटण दाबून पाहिलं."

एवढं बोलून ती बसली. प्रिसिला सभा संपेपर्यंत मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग सभा संपल्याची खूण म्हणून सगळे एकमेकांशी हात मिळवू लागले, तेव्हा ती नेलपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पुढे केला.

"माझी मुलगी फार आजारी आहे गं. कधीही फोन येईल म्हणून..."

"मग आम्हाला विचारायचंस ना," नेल म्हणाली. "आम्ही हो म्हटलं असतं."

खिशातला फोन थरथरू लागला. प्रिसिला हलली नाही.

"फोन घे," नेल म्हणाली. पण तिने आपला हात पुढे केला नाही.